इंदुरात पाणी ९८ अंशांना उकळतं: लोकमान्य नगरातल्या रविवारच्या प्रयोगवर्गाविषयी

इंदुरात राहत असाल आणि घरात आठवी ते दहावीतलं मूल असेल, तर लोकमान्य नगरात एक निवृत्त शिक्षक दर रविवारी विज्ञानाच्या प्रयोगांचा जो वर्ग चालवतात, त्याची माहिती तुम्हाला असायलाच हवी. माझी मुलगी आठवीत आहे, भावाचा मुलगा दहावीत. दोघंही पावसाळ्यापासून तिथे जातात. वर्गाला नाव नाही, दारावर पाटी नाही, जाहिरात तर मुळीच नाही. मुलं ‘सरांची लॅब’ म्हणतात आणि तेच नाव आता आसपास रूढ झालं आहे.

मी पीथमपूरला औषधांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये काम करते. ब्युरेट आणि पिपेट या द्रव अचूक मोजायच्या काचनळ्या, वजनकाटा, द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं एचपीएलसी यंत्र, यांच्या संगतीत दिवस जातो. त्यामुळे हे लिहिणं पालक म्हणून आहेच, शिवाय रोज मोजमाप करून पोट भरणाऱ्या बाईचंही आहे. विज्ञानाच्या वर्गात मी काय बघते, ते इतर पालकांपेक्षा थोडं वेगळं असेल.

वर्ग भरतो सरांच्या गच्चीवरच्या दोन खोल्यांत, सकाळी नऊ ते बारा. एका तुकडीत सोळा मुलं, चार-चारांच्या टोळ्या. प्रत्येक टोळीला एक टेबल, एक स्पिरिटचा दिवा, एक थर्मामीटर, काही बीकर, टेस्ट ट्यूब, फूटपट्टी आणि स्टॉपवॉच. फळ्यावर एक प्रश्न लिहिलेला असतो. सर आधी काहीही समजावून सांगत नाहीत. सामान कुठे ठेवलंय तेवढं सांगतात, कशाला हात लावायचा नाही ते बजावतात, आणि मुलं कामाला लागतात. पालकांना महिन्यातल्या पहिल्या रविवारी मागच्या बाकावर बसायची मुभा आहे, बोलायची नाही. मी संधी मिळेल तेव्हा बसते.

सगळ्यात आधी वहीबद्दल सांगते, कारण ती बघून मी तिथल्या तिथे प्रवेश घेतला. जाड शिवलेली वही, प्रत्येक पानावर आधीच नंबर टाकलेला. पेन्सिल फक्त आकृती आणि आलेखासाठी, बाकी सगळं पेनाने. खोडरबर नाही, व्हाइटनर नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ, अशी की खालचा आकडा वाचता यावा, आणि शेजारी स्वतःची सही. पान फाडायचं नाही. सुट्या कागदावर लिहून घरी जाऊन सुवाच्य उतरवायचं नाही. जे दिसलं ते त्याच क्षणी, त्याच वहीत. आमच्या कारखान्यात अगदी हाच नियम आहे आणि तो मोडला तर नोकरी जाऊ शकते. तपासणीला आलेले लोक सगळ्यात आधी हेच बघतात की आकडा मोजताना लिहिलाय की नंतर. आठवीतल्या मुलीच्या हातात ती शिस्त बघून मला फार बरं वाटलं.

आता पाण्याची गोष्ट. फळ्यावर प्रश्न होता: ‘आपल्या घरातलं पाणी किती अंशांना उकळतं?’ मुलांनी आधी थर्मामीटर तपासला. कुटलेल्या बर्फात तो बुडवून ठेवायचा, बर्फ वितळत असताना शून्य दाखवतो का ते पाहायचं, आणि फरक असेल तर वहीत नोंदवायचा. शाळेच्या कुठल्याही प्रॅक्टिकलमध्ये उपकरण आधी तपासून घेतात असं मी ऐकलेलं नाही. मग पाणी उकळायला ठेवलं. माझ्या मुलीच्या टोळीला आला ९८, दुसऱ्यांना साडेअठ्ठ्याण्णव, तिसऱ्यांना साडेसत्त्याण्णव. भाच्याच्या वहीत मात्र स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: १००. सर त्याच्या मागे जाऊन उभे राहिले.

‘काय रे, थर्मामीटरवर किती दिसतंय?’

‘अठ्ठ्याण्णव, सर.’

‘मग हे शंभर कुणी मोजलं?’

आवाजात राग नव्हता. भाच्याने शंभरवर रेघ मारली, ९८ लिहिलं, सही केली. तेवढ्यात खोलीत वाद सुरू झाला होता. एक म्हणाला थर्मामीटर बिघडलेत. पण बर्फात तर सगळे ठीक होते. दुसरी म्हणाली आच कमी पडतेय. तिने दोन दिवे लावले, पाणी धडधडा उकळायला लागलं, पारा जागचा हलला नाही. तिसऱ्याने नर्मदेच्या पाण्यावर ठपका ठेवला, म्हणून आरओचं पाणी उकळून पाहिलं, आकडा तोच. बाराला दहा मिनिटं असताना सरांनी एवढंच विचारलं की इंदूर समुद्रापासून किती उंचावर आहे. उत्तर शोधून आणायला आठवडा दिला.

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी शंभराच्या पावणेदोन-दोन अंश आधीच उकळतं. पुस्तकात ‘सामान्य वातावरणीय दाबाला’ असे शब्द असतात, मुलं ते पाठही करतात, पण ते शब्द आपल्या स्वयंपाकघराबद्दल काही सांगत आहेत हे कुणाच्या डोक्यात येत नाही. दिवाळीत एक मुलगा मामाकडे मुंबईला गेला, तेव्हा सरांनी त्याला तोच थर्मामीटर कापसात गुंडाळून दिला. त्याने तिकडून आकडा कळवला, शंभराला जेमतेम अर्धा अंश कमी. सगळ्यांनी आपापल्या वहीत तो नोंदवला, कुणी मोजला त्याचं नाव आणि जागा लिहून.

इंदुरातल्या दहावीच्या किती प्रॅक्टिकल फायलींमध्ये पाण्याचा उत्कलनबिंदू १०० लिहिलेला असेल, याचा विचार करून मला वाईट वाटतं. ती मुलं काही लबाड नाहीत. पुस्तकातला आकडा लिहिला की गुण मिळतात आणि समोर दिसणारा लिहिला की ‘परत कर’ म्हणतात, हे त्यांना सातवी-आठवीतच कळलेलं असतं.

भाचा ज्या शाळेत जातो तिथे लॅब आहे, चांगली मोठी आहे, माहितीपुस्तकात तिचा रंगीत फोटोही आहे. वर्षातून थोडे तास ती उघडते. बाई पुढच्या टेबलावर प्रयोग करून दाखवतात, पन्नासेक मुलं माना उंचावून बघतात, आणि जानेवारीत फायली भरायचा आठवडा येतो. तेव्हा एका दादाची किंवा ताईची जुनी फाईल वर्गभर फिरते. मी शिक्षकांना दोष देत नाही. सीबीएसईच्या दहावीत विज्ञानाचा लेखी पेपर ८० गुणांचा, अंतर्गत मूल्यमापन २० चं, आणि त्या २० मध्ये प्रयोगाच्या वाट्याला येतात ५. पाच गुणांसाठी कोण लॅब रोज उघडेल, काच फुटण्याची जबाबदारी घेईल? बारावीला भौतिक आणि रसायनाच्या प्रॅक्टिकलला ३० गुण आहेत, पण तोवर मुलं भंवरकुआँच्या कोचिंगमध्ये पोचलेली असतात आणि शाळेत नावापुरती उरलेली असतात.

याचं पुढे काय होतं ते माझ्या टेबलावर दिसतं. आमच्याकडे दरवर्षी एमएस्सी झालेली मुलंमुली नव्याने लागतात. गुण चांगले, समीकरणं तोंडपाठ. त्यांच्या हातात पिपेट दिली की शेवटचा थेंब फुंकून काढतात. तो थेंब पिपेटच्या मापात धरलेलाच नसतो, तो आतच राहू द्यायचा असतो. ब्युरेट वाचताना डोळे पातळीत नेत नाहीत, वरून बघतात. नळीत द्रवाचा पृष्ठभाग वक्र दिसतो, रंगहीन द्रावणात त्या वक्राचा खालचा भाग वाचायचा आणि पोटॅशियम परमँगनेटसारख्या गडद द्रावणात वरचा, हे तोंडी परीक्षेसाठी पाठ असतं, हाताला माहीत नसतं. हे सगळं महिन्याभरात शिकवता येतं. शिकवायला अवघड जाते ती दुसरीच गोष्ट. टायट्रेशनचे, म्हणजे ब्युरेटमधून थेंब थेंब द्रावण सोडून दुसऱ्या द्रावणातलं प्रमाण मोजण्याचे, तीन आकडे १०.२, १०.२, १०.२ असे आले नाहीत, १०.१, १०.३, १०.६ आले, तर त्यांना भीती वाटते. पहिला विचार येतो आकडा जुळवायचा. १०.६ का आला, थेंब नळीच्या टोकाला लोंबत होता का, फ्लास्क नीट धुतला होता का, हा विचार नंतर येतो, किंवा येतच नाही. नोकरीला लागेपर्यंत त्यांनी उत्तरावरून मागे जाऊन आकडे भरलेले असतात. आणि आमच्याकडे त्या आकड्यावर कुणाच्या तरी रक्तदाबाच्या गोळीची खात्री अवलंबून असते. म्हणून शाळेतलं प्रॅक्टिकल मला पाच गुणांची बाब वाटत नाही. दिसलं ते लिहायची सवय तेराव्या-चौदाव्या वर्षी लागली तर लागते.

सरांच्या वर्गातला माझा सगळ्यात आवडता दिवस लंबकाचा. प्रश्न असा: ‘लंबकाचा झोका कशावर अवलंबून आहे?’ दाराच्या चौकटीला खिळे मारलेले. खिळ्यापासून गाठीपर्यंत पंचवीस सेंटिमीटर दोरा सगळ्यांना सारखा. दोन टोळ्यांना लोखंडी नट दिले, दोन टोळ्यांना कुलपं. वीस झोके मोजायचे, वेळ लिहायची. नटवाल्यांना साडेवीस सेकंदांच्या आसपास, कुलूपवाल्यांना एकवीसच्या थोडं वर. मुलांनी लगेच निकाल दिला: जड वस्तू हळू हलते. पुस्तक उलट सांगतं हे दहावीतल्या मुलांना माहीत होतं, ती एकमेकांकडे बघायला लागली. पण मोजमाप तर समोर होतं आणि ते पुन्हा पुन्हा तसंच येत होतं.

इथे शंभरातले नव्याण्णव शिक्षक बरोबर उत्तर सांगून मोकळे होतील. सरांनी विचारलं, ‘कुलूप जड आहे म्हणून, की लांब आहे म्हणून? कसं ठरवाल?’ आणि ते खाली चहा प्यायला निघून गेले.

माझ्या मुलीच्या टोळीने एका नटाच्या खाली दुसरा नट बांधला. वेळ वाढली. सगळ्यांना वाटलं, झालं सिद्ध, वजन वाढलं की वेळ वाढते. मग त्यांच्यातल्याच एका शांत मुलाने, जो सहसा बोलतही नाही, दुसरा नट सोडून पहिल्याच्या शेजारी बांधला, बरोबर त्याच उंचीला. वजन दुप्पट, वेळ तेवढीच. ती दोन्ही रीडिंग्ज आलटून पालटून किती वेळा घेतली असतील. मग कुलूप फूटपट्टीच्या कडेवर तोललं, तोल कुठे साधतो तिथे खडूने खूण केली, आणि दोरा इतका आखूड केला की खिळ्यापासून खडूच्या खुणेपर्यंतचं अंतर नटाइतकंच झालं. वीस झोके साडेवीस सेकंदांत. लंबकाची लांबी गाठीपर्यंत मोजायची नसते, टांगलेल्या वस्तूच्या मध्यापर्यंत मोजायची असते. हे वाक्य त्या दिवशी कुणीही त्यांना सांगितलं नाही. खाली जिन्यात मुलगी मला म्हणाली, ‘आई, कुलपाचं वजन नव्हतंच गं, कुलपाची लांबी होती.’

मेणबत्तीचा प्रयोग तर प्रत्येक पालकाने बघावा असा आहे, कारण आपण सगळे तो चुकीच्या स्पष्टीकरणासह शिकलो. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं, आणि आपण लिहितो की ऑक्सिजन जळून गेला, म्हणून एकपंचमांश जागा पाण्याने घेतली. सरांनी एका टोळीला एक मेणबत्ती दिली, दुसरीला तीन, ग्लास सारखेच. तीन मेणबत्त्यांच्या ग्लासात पाणी कितीतरी जास्त चढलं. आता ग्लासातला ऑक्सिजन तर दोन्हीकडे तेवढाच! पुन्हा करताना मुलांनी डोळे ताणून पाहिलं आणि त्यांना दिसलं की ज्योत जळत असताना पाणी फारसं चढतच नाही, विझल्यावर झपकन चढतं. म्हणजे मुख्य काम तापलेल्या हवेचं आहे. ग्लासातली हवा ज्योतीने फुगते, ज्योत विझली की गार होऊन आकसते, आणि पाणी आत ओढलं जातं. मेणबत्ती तर ग्लासात बराच ऑक्सिजन शिल्लक असतानाच विझते.

मग खरा एकपंचमांश कसा मोजायचा? टेस्ट ट्यूबच्या तळाशी व्हिनेगरमध्ये भिजवलेला लोखंडाच्या बारीक तारांचा बोळा कोंबायचा, ट्यूब पाण्यात उपडी करून आठवडाभर ठेवायची. लोखंड गंजताना ऑक्सिजन घेतं, उष्णतेचा घोळ नाही. पुढच्या रविवारी पंधरा सेंटिमीटरच्या ट्यूबमध्ये पाणी तीनच्या आसपास चढलेलं होतं. एका टोळीत मात्र पाणी जागचं हललंच नव्हतं. त्यांनी घरून भांड्यांची चकचकीत तारेची घासणी आणली होती, ती स्टेनलेस स्टीलची, गंजत नाही. सरांनी त्या टोळीची ट्यूब फेकू दिली नाही. उलट सगळ्यांत आधी तीच मांडली, कारण गंजलं नाही तर पाणी चढत नाही हे तिच्याशिवाय कळलंच नसतं.

ही पद्धत सरांनी शोधलेली नाही, आणि ते स्वतः हे पहिल्याच दिवशी सांगतात. ते देवास जिल्ह्यात सरकारी माध्यमिक शाळेत शिकवत आणि होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात तयार झालेले आहेत. आजच्या पालकांपैकी बहुतेकांना हे नाव माहीत नसतं, म्हणून थोडं सांगते. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या नर्मदापुरम जिल्ह्यातल्या, सोळा सरकारी शाळांत हा कार्यक्रम सुरू केला. सहावी ते आठवीच्या मुलांनी टोळ्यांत बसून प्रयोग करायचे, निरीक्षणं लिहायची, आपसात चर्चा करून निष्कर्ष काढायचे. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात प्रयोग आणि प्रश्न असत, उत्तरं नसत. परीक्षेला पुस्तक आणि वही सोबत न्यायची परवानगी होती आणि प्रयोगाचीही परीक्षा व्हायची. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातल्या सगळ्या सरकारी मिडल स्कूलांत गेला, १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे तो सांभाळला, आणि माळव्यातल्या शाळांपर्यंतही पोचवला. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षक विद्यार्थ्यांसारखे बसून तेच प्रयोग स्वतः करत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले लोक त्यांच्यासोबत बसत. २००२ मध्ये राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं सरकारी शाळांत, खेड्यापाड्यांत, किफायतशीर सामानात चाललेली गोष्ट आज शहरातल्या महागड्या शाळांना जमत नाही म्हणतात, ते मला पटत नाही.

सामानाचंच बघा. सरांच्या कपाटात बीकर, टेस्ट ट्यूब, थर्मामीटर अंबाल्याचे आहेत, देशभरातल्या शाळांना बहुतेक तिथूनच माल जातो. मल्टिमीटर, वायरी, छोटे बल्ब जेल रोडवरून. नट, चुंबक, फनेल, नळ्या सियागंजातून. बाकी इंजेक्शनच्या सिरिंजा, सलाईनच्या नळ्या, औषधाच्या बाटल्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. त्या व्हॉल्व्ह ट्यूबमध्ये काडेपेटीच्या काड्या खोचून त्रिकोण, चौकोन, पिरॅमिड बनवायची कल्पना टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांची, तीही होशंगाबाद कार्यक्रमाच्या दिवसांतली. चौकोन डुगडुगतो, त्रिकोण डुगडुगत नाही, हे बोटांना एकदा कळलं की पुलाकडे आणि वीजवाहिनीच्या मनोऱ्याकडे मुलं वेगळ्या नजरेने बघायला लागतात. आमच्या घरी हळदीची पट्टी बनवायचा उद्योग महिनाभर चालला. हळदीत बुडवून वाळवलेला गाळणकागद साबणाला, चुन्याला लाल होतो, लिंबाला नाही. सासूबाईंनी नातीला सांगितलं की त्यांच्या लहानपणी कुंकू असंच हळदीला चुना लावून बनवायचे, आणि तीही गोष्ट तारीख घालून वहीत गेली.

आता न आवडलेल्या गोष्टी. पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे चष्मे. व्हिनेगरमधलं आम्ल मोजायचा प्रयोग नववी-दहावीची मुलं सोडियम हायड्रॉक्साइड वापरून करतात. द्रावण पातळ असतं, सर स्वतः बनवून देतात, तरी अल्कली डोळ्यात गेली तर आम्लापेक्षा वाईट. सोळा मुलांत सहा सुरक्षा चष्मे होते आणि तेही मागितले तर. हे मी सरांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी लगेच मान्य केलं आणि आता त्या दिवशी चष्म्याशिवाय कुणाला टेबलाजवळ उभं राहू देत नाहीत. तरी पालकांनी मुलाला स्वतःचा चष्मा घेऊन द्यावा असं मी म्हणेन. सुती कपडे आणि बंद बूटही.

दुसरं, तोच प्रयोग पाच मिलीच्या सिरिंजने केला जातो. लहान मुलांना सिरिंज सोपी आणि सुरक्षित, हे मान्य. दहावीच्या मुलांना मात्र एकदा तरी खरी ब्युरेट हाताळायला मिळावी. नळ फिरवून एकेक थेंब सोडणं, फिकट गुलाबी रंग आला की हात थांबवणं, हे सिरिंजने शिकता येत नाही. आमच्या वापरातून बाद झालेल्या ब्युरेटी वर्गाला देता येतील का, याची मी कारखान्यात रीतसर चौकशी केली आहे.

तिसरं, जीवशास्त्र कमी पडतं. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी, मोड आलेले मूग, पानावरची रंध्रं, एवढ्यावर ते थांबतं. सूक्ष्मदर्शक एकच आहे आणि रांग लागते. सर मूळचे भौतिकशास्त्राचे, ते दिसतंच.

काही पालकांची तक्रार असते की मुलं घरी प्रश्न घेऊन येतात, उत्तर घेऊन येत नाहीत, आणि अभ्यासक्रमातल्या धड्यांचा क्रम पाळला जात नाही. तक्रार खरी आहे. लंबकाचे दोन रविवार गेले, त्यात शाळेचे तीन धडे झाले असते. मला ते दोन रविवार मोलाचे वाटतात. ज्यांना युनिट टेस्टच्या तयारीसाठी शिकवणी हवी आहे त्यांनी इथे येऊ नये, त्यांची निराशा होईल. गुण वाढतील असं सर कुणालाही सांगत नाहीत. भाच्याचे विज्ञानाचे गुण होते तिथेच आहेत. फरक इतका पडला की यंदा शाळेच्या फायलीत ओहमच्या नियमाचा आलेख काढताना त्याने जुनी फाईल मागितली नाही. त्याचे बिंदू सरळ रेषेत नीट बसत नव्हते आणि तो बाईंना जाऊन म्हणाला की शेवटच्या रीडिंगला तार तापली होती, म्हणून तो बिंदू रेषेपासून हटलाय. बाईंनी कारण ऐकून घेतलं आणि बिंदू तसाच राहू दिला. त्यांचंही मला कौतुक वाटतं.

बोलण्याची भाषा मिश्र आहे. निम्मी मुलं मराठी, निम्मी हिंदी बोलणारी, सर ज्याच्याशी ज्या भाषेत सोपं जाईल त्या भाषेत बोलतात. वहीत मूल हवं त्या भाषेत लिहू शकतं. माझी मुलगी मराठीत लिहिते. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलीने दर आठवड्याला तीन पानं मराठीत लिहावीत, हा मला न मागता मिळालेला लाभ.

फी महिन्याला १,२०० रुपये, सामानासकट. फुटलेल्या काचेचे पैसे घेत नाहीत, मात्र ज्याच्या हातून फुटली त्याने झाडूसूपलीने तुकडे गोळा करायचे आणि वेगळ्या डब्यात टाकायचे, तेही आधी शिकवलेलं असतं. आसपासच्या सरकारी शाळेतली चार मुलं प्रत्येक तुकडीत फीशिवाय असतात आणि ती कोणती हे इतरांना कळू दिलं जात नाही. जिना अरुंद आहे, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्या आजी-आजोबांनी मुलांना खालीच सोडावं. मे महिन्यात पत्र्याखालची दुसरी खोली फार तापते, तेव्हा वर्ग सकाळी सातला असतो.

नवी तुकडी परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये सुरू होईल. प्रवेशासाठी गुणपत्रिका लागत नाही. सर मुलाला एक लिंबू, एक सुई आणि पाण्याचा ग्लास देतात आणि अर्धा तास काय काय करून बघतो ते पाहतात, पालक बाहेर. लोकमान्य नगरात मराठी घरांत विचारलंत तर सरांचं घर कुणीही दाखवेल. रविवारी बारानंतर गेलात तर ते निवांत भेटतात.